तळाशी काय बसलं?

(दृश्य: तराजू, हातमोज्यातली बोटं)

सेंट्रिफ्यूज म्हणजे नळ्या गरागरा फिरवून जड घटक तळाशी बसवणारं यंत्र. त्याच्या रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, समोरासमोर बसणाऱ्या दोन नळ्यांची वजनं जुळवणं चाललंय. एकीत थेंबभर बफर (आम्लता स्थिर राखणारं द्रावण) घातलं, आकडा पुढे गेला. पिपेटने अर्धा थेंब परत काढला. "मातशें राव," म्हणजे कोकणीत 'जरा थांब', कॅमेऱ्याकडे न बघताच संशोधिका म्हणते. पुढच्या वेगाला वजनातली तफावत म्हणजे यंत्राची मोडतोड, त्यामुळे इथे घाई चालत नाही.

नळ्यांत आहे पेशी वाढवलेलं द्रव माध्यम. गोव्यातल्या या प्रयोगशाळेला त्यातून हव्या आहेत बाह्यपेशीय पुटिका, म्हणजे पेशी बाहेर सोडतात त्या मेदाच्या आवरणातल्या इवल्या पिशव्या. आत प्रथिनं आणि आरएनए. लहानातली लहान तीसेक नॅनोमीटरची. १९६७ साली पीटर वुल्फ यांनी रक्तातल्या अशा कणांना 'प्लेटलेटची धूळ' म्हटलं होतं.

(दृश्य: सेंट्रिफ्यूज; खिडकीबाहेर चिऱ्यांची भिंत, पाऊस)

आधी नको ते काढायचं. गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट बलाला पेशी खाली बसतात, २,००० पटीला मेलेल्या पेशी, १०,००० पटीला कचरा आणि मोठ्या पुटिका. दर वेळी वरचं द्रव तेवढं अलगद काढून घ्यायचं, तांदळाचं धुवण ओतावं तसं, तळ न हलवता. मग अल्ट्रासेंट्रिफ्यूज: १,००,००० पट, ४ अंश सेल्सियस, तासाहून अधिक. आणि आता सगळं उलटं! वरचं टाकायचं, तळ ठेवायचा.

तो तळ बहुधा दिसतच नाही. म्हणून नळी आत ठेवण्याआधीच तिच्या बाहेरच्या अंगाला मार्करची खूण केलेली. रोटरमध्ये नळी तिरपी बसते, तेव्हा पुटिका त्याच बाजूला चिकटणार. बफर सोडायचं ते या खुणेवर, आणि पिपेटने हळूहळू वर-खाली करायचं. फेस आला तर गडबड.

(दृश्य: स्तंभातून पडणारे थेंब)

तरीही पुटिकांसोबत सुटी प्रथिनं येतातच. त्यावर हा जेलचा स्तंभ. बारीक प्रथिनं जेलच्या छिद्रांत रेंगाळतात, त्यांहून मोठ्या पुटिका आधी बाहेर पडतात.

(दृश्य: काळ्या पडद्यावर थरथरणारे पांढरे ठिपके)

लेझरमध्ये चमकणारे हे कण. लहान कण जास्त थरथरतो. त्यावरून संगणक आकार काढतो. दिसायला झकास, पण पुटिका कोणती आणि प्रथिनाचा गोळा कोणता, हे यंत्राला कळत नाही. शिवाय माध्यमातल्या वासराच्या सीरमलाही स्वतःच्या पुटिका असतात. म्हणून वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे ठरावीक प्रथिनं ओळखणारी चाचणी: सीडी६३, टीएसजी१०१ ही पुटिकांतली प्रथिनं दिसायला हवीत, कॅल्नेक्सिन हे पेशीच्या आतलं प्रथिन दिसता कामा नये. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातल्या या वाट्या? नमुना वाळवल्यामुळे आलेला आकार. मुळात त्या गोल असतात.

कर्करोगाचं निदान, औषध वाहून नेणं, यांवर जगभर संशोधन सुरू आहे. 'एक्झोसोम' (या पुटिकांचाच एक लहान प्रकार) नावाची उत्पादनं मात्र बाजारात कधीच आली. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१९मध्येच त्यांबाबत इशारा दिला होता.

(दृश्य: वही)

रोटर कोणता, वेग किती, नमुना किती वेळा गोठवला-वितळवला, सगळं तिने वहीत नोंदवलंय. एक्झोसोमची बाटली विकणाऱ्याकडे आधी ही वही मागावी.