खटका, केबल आणि कॉलर

उतार सुरू होण्याच्या जरा आधी सायकलस्वाराचा डावा अंगठा हँडलवरचा ड्रॉपरचा, म्हणजे सीट वर-खाली करणाऱ्या दांड्याचा, खटका दाबतो, सीट त्याच्या वजनाने खाली जाते आणि कमरेला मागे सरकायला जागा मिळते. चढावर तोच खटका दाबून वजन उचलले की सीट पुन्हा पूर्वीच्या उंचीवर येते. 1984 च्या सुमारास कॅलिफोर्नियात जो ब्रीझ आणि जॉश एंजेल यांनी याच कामासाठी ‘हाइट-राइट’ नावाची स्प्रिंग आणली होती. मात्र तिच्यासाठी एक हात सीटखालच्या क्विक-रिलीजकडे, म्हणजे दांडा सैल करणाऱ्या लिव्हरकडे, न्यावा लागत असे. आजच्या ड्रॉपरमध्ये दोन्ही हात हँडलवर राहतात.

पुण्यातल्या या व्हरांड्यात ॲल्युमिनियमच्या एका सायकलीला ड्रॉपर बसवला जात आहे. जुना दांडा काढण्यापूर्वी क्रँकच्या (पेडल ज्यावर फिरते त्या दांडीच्या आसाच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मोजून घेतली आहे. आता दांड्याचा व्यास व्हर्नियर कॅलिपरवर तपासला जातो, कारण 30.9 आणि 31.6 मिलिमीटरमधला फरक नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही.

यापुढचे काम सर्वांत अधिक चिकाटीचे आहे. केबलचे आऊटर, म्हणजे तिचे बाहेरचे आवरण, हँडलजवळच्या छिद्रातून फ्रेममध्ये शिरते, खालच्या नळीतून क्रँकपाशी पोहोचते आणि तिथून वळून सीटच्या नळीतून वर आले पाहिजे. ते वळणावर अडते; म्हणून आधी वरून एक बारीक तार सोडली आहे आणि तिला जोडून आऊटर ओढून घेतले जात आहे. त्याचे टोक सरळ कापून कानशीने घासलेले आहे, कारण तिरपे कापलेले आऊटर टोकावरच्या टोपीत नीट बसत नाही आणि खटका जड होतो. दांडा फ्रेममध्ये उतरवताना एकाने वरून तो सरकवावा आणि दुसऱ्याने पुढून तितकेच आऊटर ओढावे. घाई केल्यास ते दांड्याखाली मुडपते आणि सारे काम पुन्हा करावे लागते.

नळीत ग्रीसचा पातळ थर दिला आहे. कार्बनच्या फ्रेमला तिथे कार्बन पेस्ट लागते. दांडा फ्रेममध्ये आवळून धरणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट त्यावर छापलेल्या मर्यादेतच, येथे 5 न्यूटन-मीटरला, टॉर्क रेंचने आवळला आहे. सीट हळूहळू वर येते अशी तक्रार घेऊन लोक सीट वर ढकलणारा आतला कार्ट्रिज बदलायला निघतात, पण अनेकदा दोष फाजील आवळलेल्या या क्लॅम्पचा असतो, हे आम्हांला आवर्जून सांगावेसे वाटते. केबल सैल असेल तर खटका दाबूनही सीट हलत नाही, आणि ती फार ताणलेली असेल तर दांड्यातले कुलूप पूर्ण बंद न झाल्याने सीट बसल्या बसल्या खचते; खटक्याजवळचा ॲडजस्टर थोडा थोडा फिरवून हा ताण जुळवला जातो.

सह्याद्रीतल्या पावसाळी वाटेवरून परतलेला हा दुसरा ड्रॉपर पाहा. वरच्या चकचकीत नळीवरची लाल माती मऊ ओल्या फडक्याने पुसली जाते, या नळीभोवतीची कॉलर उघडून वर सरकवली जाते आणि आतले काळवंडलेले ग्रीस काढून नवे भरले जाते. पाण्याचा जोरदार फवारा कॉलरपाशी माती अडवणाऱ्या सीलवर मारू नये, सायकल स्टँडला लावताना चकचकीत नळी पकडू नये आणि सीट खाली असताना सायकल सीटला धरून उचलू नये. सील गेले की माती आत शिरते, नळीवर ओरखडे येतात आणि दुरुस्ती महाग पडते.

कॉलर पुन्हा हाताने बसवली जाते. अंगठा खटक्यावर येतो, सीट वर सरकते आणि माथ्याशी पोहोचल्यावर ‘टक्’ असा आवाज होतो.