पुन्हा घट्ट बसणारं झाकण

श्रोतेहो, नमस्कार.

सोड्याची किंवा थंड पेयाची प्लॅस्टिकची बाटली उघडताना जरा कान देऊन ऐका. आधी बारीक कडकड होते. मग फस्स. आणि मग झाकण आट्यांवरून फिरत मोकळं होतं. हा क्रम ठरवून आणलेला आहे. तो उलटा झाला, तर कधी गिऱ्हाईक फसतं आणि कधी डोळ्याला इजा होते. आज बोलायचं आहे ते या झाकणाबद्दल, आणि खास करून त्याच्या दुसऱ्या कामाबद्दल: एकदा उघडल्यावर पुन्हा घट्ट बसण्याबद्दल. पहिल्यांदा झाकण लावतं ते मशीन, मोजून मापून. दुसऱ्यांदा लावतो आपला हात, कधी ओला, कधी तेलकट, कधी आठ वर्षांच्या मुलाचा. झाकणाची खरी परीक्षा तिथे असते.

आधी झाकणावर किती जोर येतो ते पाहू. भरपूर गॅस असलेल्या पेयात एका लिटरमागे साधारण चार लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळवलेला असतो. २० अंशांना बाटलीच्या आत सुमारे साडेतीन बार दाब असतो. एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब. तीच बाटली ४० अंशांवर गेली की गॅस पाण्यात राहायला तयार नसतो आणि दाब साडेसहा बारच्या आसपास पोचतो. बाटलीच्या तोंडाचं आतलं भोक पावणेबावीस मिलिमीटरचं. एवढ्याशा गोलावर साडेसहा बार म्हणजे जवळजवळ २५ किलोचा जोर. अडीच-तीन ग्रॅमचं झाकण मे महिन्यात अकोल्याच्या उन्हात उभ्या असलेल्या टेम्पोत हा जोर तासन् तास पेलत असतं.

हा प्रश्न जुन्या लोकांनी वेगवेगळ्या तऱ्हांनी सोडवला होता. आपली गोटी सोड्याची बाटली हायरम कॉड या इंग्रज इंजिनिअरची, १८७० च्या दशकातली. ती उलटी धरून भरतात. गोटी मानेतल्या रबरी वायसरवर येऊन बसते आणि आतला गॅसच तिला दाबून धरतो. दाब जितका जास्त, तितकं सील घट्ट. फार सुंदर कल्पना. पण गोटी एकदा आत ढकलली आणि गॅस निघून गेला की तिला वर दाबून धरणारं कोणी उरत नाही. विल्यम पेंटरचं पत्र्याचं दातेरी बूच १८९२ चं. ते वाकवून काढलं की पत्रा पूर्वीच्या आकारात येत नाही, म्हणून तेही एकदाच. पुन्हा लावता येणारं होतं ते १८७५ च्या सुमाराचं, तारेच्या खटक्याने बसणारं चिनीमातीचं बूच. त्यात तार दर वेळी तोच जोर देते, मग लावणारा हात कोणाचाही असो. आट्यांच्या झाकणाला ही सोय नाही. तिथे जोर हातानेच द्यावा लागतो, त्यामुळे कमी जोरातही सील व्हावं अशी रचना करावी लागते.

ती रचना झाकण उलटं करून पाहिल्यावर दिसते. गॅसच्या पेयाचं एकसंध, म्हणजे आत वेगळा वायसर नसलेलं, झाकण हातात घ्या. आत, वरच्या सपाट भागातून खाली उतरलेली एक पातळ गोल भिंत दिसेल. हा प्लग. तो बाटलीच्या तोंडात शिरतो. त्याच्या पोटाला किंचित फुगवटा असतो आणि तो फुगवटाच काचेसारख्या गुळगुळीत आतल्या भिंतीवर दाबून बसतो. प्लगच्या बाहेर, काठावर टेकणारी आणखी एक बारीक कड असते. बहुतेक झाकणांत बाहेरून मानेला धरणारा तिसरा ओठही असतो.

एवढं का लागतं? आतल्या दाबाने झाकणाचा माथा घुमटासारखा फुगतो. माथा वर गेला की काठावरची कड उचलली जाते आणि प्लगही थोडा वर ओढला जातो. नुसत्या काठावर भिस्त ठेवली तर उन्हाळ्यात गळती ठरलेली. प्लगचा फुगवटा मात्र अशा उंचीवर ठेवतात की मिलिमीटरचे काही दशांश वर सरकला, तरी त्याची भिंतीवरची पकड सुटत नाही.

हाताने लावताना याचा मोठा फायदा होतो. आजच्या गॅसच्या बाटल्यांची जी प्रचलित मान आहे, तिला धंद्यात १८८१ म्हणतात. हे साल नव्हे, मानेच्या प्रकाराचा नंबर. तिच्यात एका फेऱ्याला झाकण २.७ मिलिमीटर खाली उतरतं. म्हणजे ३० अंश कमी फिरवलं, तर झाकण जवळजवळ पाव मिलिमीटर वर राहिलं. सपाट वायसरच्या झाकणाला एवढं अंतर म्हणजे सरळ गळती. प्लग मात्र तोवर तोंडात शिरलेला असतो, त्यामुळे तो ही चूक पोटात घालतो.

आता त्या आवाजांकडे वळू. कडकड होते ती खालच्या रिंगची. झाकण आणि रिंग यांना जोडणारे बारीक पूल असतात, ते तुटतात. रिंगच्या आत दुमडलेल्या पाकळ्या असतात. लावताना त्या मानेवरच्या कडेवरून खाली घसरतात, आणि काढताना त्याच कडेखाली अडकतात. पूल तुटायला हवेत ते सील सुटण्याच्या आधी. सील आधी सुटलं, तर कोणी बाटली जराशी सैल करून पुन्हा आवळू शकेल आणि रिंग मात्र शाबूत दिसेल. पूल जाड झाले तर वयस्कर माणसाच्या बोटांना झाकण उघडत नाही. पातळ झाले तर कारखान्यात लावतानाच तुटतात.

त्यानंतरचा फस्स. सील सुटतं तेव्हा झाकण अजून आट्यांत भक्कम अडकलेलं असायला हवं. १८८१ च्या मानेवर आटा जवळजवळ १.८ फेऱ्यांचा आहे, आणि तो सलग नाही. रिकाम्या बाटलीच्या मानेवर बोट फिरवलं तर आट्याला छेदणाऱ्या उभ्या खाचा लागतील. गॅस त्या खाचांतून निसटतो, म्हणून आटे सुटायच्या आत दाब उतरतो. खाचा नसत्या तर गॅस आट्यांच्या फटीतून सावकाश झिरपत राहिला असता, आणि झाकण मोकळं होण्याच्या क्षणी खाली उरलेल्या दाबाने ते गोळीसारखं उडालं असतं. म्हणून बाटली नेहमी चेहऱ्यापासून लांब धरावी, आणि आटे झिजलेलं किंवा तिरकं बसलेलं झाकण पक्कडीने ओढून काढायचा प्रयत्न करू नये.

झाकण किती आवळायचं? कारखान्यात टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मोजतात. एक ठोकताळा असा, की झाकणाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा आणि त्याच्या निम्मा टॉर्क इंच-पौंडात द्यायचा. २८ मिलिमीटरच्या झाकणाला सुमारे १४ इंच-पौंड, म्हणजे दीड न्यूटन-मीटरहून जरा जास्त. पण हा आकडा फसवा आहे. आपण लावतो त्या जोरातला बराचसा भाग आट्यांच्या घर्षणात जातो, सीलपर्यंत पोचतो तो थोडासाच. पुन्हा लावण्यातली सगळ्यात सामान्य चूक इथेच होते. आट्यांवर सांडलेला पाक वाळतो आणि चिकट होतो. दुसऱ्या दिवशी झाकण फिरवलं की हाताला ते घट्ट लागतं. माणसाला वाटतं बसलं, पण जोर वाळलेल्या साखरेने खाल्लेला असतो आणि काठ टेकलेलाच नसतो. ओल्या फडक्याने मान पुसून घेतली, की हे दुखणं जातं.

हेच घर्षण कमी व्हावं म्हणून झाकणाच्या प्लॅस्टिकमध्ये वंगण मिसळतात. बहुतेक वेळा ते एरुकामाइड असतं. कमी पडलं तर झाकण उघडत नाही. जास्त झालं तर झाकण वाहतुकीच्या हादऱ्यांनी आपोआप सैल होतं, आणि साध्या पाण्याला वास येतो. पेयात साखर, आंबटपणा, सुगंध असतो, त्यात असा वास लपतो. पाण्यात लपायला जागाच नसते. म्हणून पाण्याच्या झाकणांना बेहेनामाइड वापरतात. ते लवकर हवेने खराब होत नाही.

झाकण बाटलीच्याच प्लॅस्टिकचं का नसतं, असं पुष्कळांना वाटतं. बाटली पेट नावाच्या प्लॅस्टिकची, झाकण एचडीपीई नावाच्या पॉलिथिनचं. प्लगला लवचिकपणा हवा, तो पॉलिथिनमध्ये आहे. शिवाय पेट पाण्यात बुडतं आणि पॉलिथिन तरंगतं, त्यामुळे भंगारात दोन्ही कुटून पाण्याच्या टाकीत टाकले की आपोआप वेगळे होतात. पॉलिथिनचा एक दोष मात्र डिझायनरला सतत सांभाळावा लागतो. सतत ताणाखाली असलेल्या झाकणाला साबण किंवा कन्व्हेयरवरचं वंगण लागलं, तर माथा आणि बाजू जिथे मिळतात त्या कोपऱ्यात काही दिवसांनी भेग जाते. कारखान्यातून निघताना झाकण निर्दोष असतं, दुकानात फुटतं. जास्त आवळलेली झाकणं आधी फुटतात. म्हणून तो कोपरा धारदार ठेवत नाहीत, गोलाई देतात.

आता आपल्याकडच्या लहान उत्पादकांसाठी. कोकम सरबत, आवळा सरबत, आगळ बाटलीत भरणारे बचत गट गावोगाव आहेत, आणि त्यांची गळतीची तक्रार बहुतेक दोन-तीन ठरावीक कारणांपाशी येऊन थांबते.

पहिलं कारण म्हणजे बाटल्या एका दुकानातून आणि झाकणं दुसऱ्या दुकानातून. दोन्हींवर २८ मिलिमीटर लिहिलेलं असतं. पण २८ मध्ये जुनी १८१० ची मान आहे आणि नवी १८८१ ची. जुन्या मानेची उंची २१ मिलिमीटर आणि आट्यांचा टप्पा, म्हणजे एका फेऱ्यात झाकण उतरतं ते अंतर, ३.१८; नव्या मानेची उंची १७ आणि टप्पा २.७. झाकण चढल्यासारखं वाटतं, अर्ध्या फेऱ्यात अडकतं, आणि जोर लावला की आट्यावर आटा चढतो. खरेदीच्या वेळी व्यास विचारू नका, मानेचा प्रकार विचारा, आणि दहा झाकणं दहा बाटल्यांना लावून बघूनच पोतं घ्या.

काचेच्या बाटलीला ॲल्युमिनियमचं झाकण लावत असाल, तर त्याची गोष्ट वेगळी. ते येतं तेव्हा त्याला आटे नसतात. मशीनचं डोकं आधी झाकण वरून दाबून वायसर चेपतं, आणि ते दाबलेलं असतानाच चाकं फिरून पत्रा बाटलीच्या आट्यांत बसवतात. म्हणजे प्रत्येक झाकणाचे आटे त्याच्याच बाटलीवर घडतात. वरचा दाब कमी पडला तर आटे सुरेख दिसतात पण वायसर चेपलेला नसतो, आणि बाटली आडवी केली की पाझरते. चाकांचा दाब कमी पडला तर आटे उथळ राहतात. गिऱ्हाईक पुन्हा लावायला जातं तेव्हा झाकण नुसतं गोल गोल फिरतं. दाब जास्त झाला तर पत्रा आट्याच्या कडेवर कापला जातो. दर शंभर बाटल्यांमागे एक झाकण काढून आतून बघावं. वायसरवर काठाचा ठसा पूर्ण गोल आणि सगळीकडे सारखा उमटलेला असला पाहिजे. एका बाजूला ठसा पुसट असेल, तर बाटली मशीनखाली तिरकी उभी राहते आहे.

आणखी एक. साध्या पेटच्या बाटलीत उकळतं सरबत ओतू नका. पेट ७५ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. मान एक केसभर आक्रसली किंवा लंबगोल झाली, तरी त्यावर कुठलंही झाकण पुन्हा नीट बसणार नाही. गरम भरायचं असेल तर काच घ्या, किंवा गरम भरणीसाठीच बनवलेली पेटची बाटली घ्या. तिची मान बहुधा दुधी पांढरी असते.

घरातल्या मोठ्या बाटलीबद्दलही सांगितलं पाहिजे. झाकण उत्तम बसलं तरी अर्धी बाटली मिळमिळीत होते, आणि दोष झाकणाला दिला जातो. एक लिटरच्या बाटलीत अर्धा लिटर पेय उरलं आणि त्यात अजून लिटरमागे तीन लिटर गॅस आहे असं धरा. झाकण लावल्यावर वरची अर्धा लिटर रिकामी जागा भरेपर्यंत गॅस बाहेर येतो. फ्रिजमध्ये ४ अंशांना पेयातला गॅस तीनवरून १.८ वर येऊन थांबतो. बाहेर २५ अंशांना तो १.४ च्या खाली जातो. झाकण लावायच्या आधी बाटली दाबून हवा काढली तर काही वाचत नाही. सुटलेला गॅस बाटली पुन्हा फुगवतो आणि तीच जागा भरतो. वाचवायचं असेल तर लहान बाटली घ्या आणि ती थंड ठेवा.

लहान मुलांच्या घरात सुटं झाकण खाली पडू देऊ नका. खेळण्यांतला धोका तपासायचं जे नळकांडं असतं, त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर आहे. त्यात मावणारी वस्तू मुलाच्या घशात अडकू शकते, आणि हे झाकण त्यात मावतं. युरोपीय संघाने कचरा कमी व्हावा म्हणून ३ जुलै २०२४ पासून तीन लिटरपर्यंतच्या प्लॅस्टिक बाटल्यांची झाकणं बाटलीला जोडलेलीच ठेवायचा नियम लागू केला. तिथे डिझायनरपुढे नवा पेच आला: लोंबतं झाकण ओतताना धारेत येऊ नये, पिताना नाकाला लागू नये, आणि परत लावताना त्या पट्टीच्या ओढीने तिरकं चढू नये. म्हणून पट्टी अशी काढतात की झाकण मागे वळून एका जागी अडकून राहतं.

शेवटी, घरी करता येईल अशी एक तपासणी. नवी, न उघडलेली बाटली घ्या. झाकणापासून थेट खाली मानेपर्यंत मार्करने एक उभी रेघ ओढा. बाटली उघडा, ग्लासभर पेय ओता, मान पुसा, आणि रोज लावता तसंच झाकण लावा. आता रेघ बघा. झाकणावरची रेघ मानेवरच्या रेघेपर्यंत आली, किंवा किंचित पुढे गेली, तर सील पूर्वीच्या जागी आहे. दोन रेघांत बोटभर अंतर राहिलं, तर झाकण तेवढं वर आहे. मग बाटली आडवी करून कोरड्या वर्तमानपत्रावर दहा मिनिटं ठेवा. कागदावर ओल आली, तर झाकण उघडून तोंडाच्या काठावरून नख फिरवा. नखाला खाच लागली तर बाटलीचा काठ दुखावला आहे. काठ गुळगुळीत लागला तर आतल्या प्लगवर चरा शोधा.

नमस्कार.