शेवटची वीतभर उंची

मंडळी, विषय हृदयाचा असला तरी आज मी बोलणार आहे मांड्यांबद्दल आणि पडण्याबद्दल.

माझ्याकडे व्यायामासाठी येणारे बरेच ज्येष्ठ पेशंट आल्या आल्या सांगतात, “मी रोज अर्धा तास चालतो.” ऐकून बरं वाटतं. मग मी त्यांना हात छातीवर बांधून खुर्चीतून उठायला सांगते. शरीर पुढे झुकतं, पुन्हा मागे टेकतं, दुसऱ्या झोक्याला कसंबसं उभं राहतं. आणि बसताना? शेवटची वीतभर उंची धपकन. त्या वीतभर अंतरात मांडीच्या स्नायूंनी हात टेकलेले असतात. चालणं हृदयाला हवंच, ते सोडू नका. पण नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं, असं खात्रीने म्हणता येत नाही.

पासष्टीनंतर साधारण तिघांपैकी एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. हृदयाच्या पेशंटची अडचण आणखी मोठी. हॉस्पिटलात पडून राहिल्यावर पायांची ताकद झपाट्याने उतरते आणि हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदय पुरेसं रक्त पंप करू शकत नाही तेव्हा, तो आजारच स्नायू झिजवतो. लघवी वाढवणारी गोळी रात्री उठवते. बीपीच्या औषधांमुळे उठल्यावर रक्तदाब एकदम उतरू शकतो. उभं राहिल्यावर 3 मिनिटांत वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरला, तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असताना डोकं आपटलं, तर जखम दिसत नसली तरी लगेच हॉस्पिटल गाठा. आत रक्तस्राव होत असू शकतो.

व्यायामाने खरंच फरक पडतो का? वैद्यकीय संशोधन एकत्र करून पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2019 मध्ये 108 चाचण्या एकत्र तपासल्या. व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठांमध्ये पडण्याचं प्रमाण 23 टक्क्यांनी कमी होतं; तोल आणि रोजच्या हालचालींचे व्यायाम त्यात आघाडीवर होते. हार्ट फेल्युअरमुळे ॲडमिट झालेल्या 349 ज्येष्ठांचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. ताकद, तोल, हालचाल आणि दम यांचा व्यायाम हॉस्पिटलातच सुरू केला, तर 3 महिन्यांनी उठणं, उभं राहणं, चालणं स्पष्ट सुधारलं. पुन्हा ॲडमिट होणं मात्र ठळकपणे कमी झालं नाही, हेही सांगायला हवं. पण आपल्या पायांवर उठता येणं मला मुळीच लहान गोष्ट वाटत नाही.

आधी डॉक्टरांना विचारा, मग सुरुवात करा. खुर्ची भिंतीला टेकवा. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्या, नाक पायाच्या बोटांवर येईल इतके पुढे झुका आणि श्वास सोडत उठा. बसताना चारपर्यंत मोठ्याने मोजा. श्वास कोंडला की बीपी चढतं. मोजत राहिलं की कोंडत नाही. पाच वेळा जमलं तरी पहिल्या आठवड्याला भरपूर झालं. बायपास झालेल्यांनी छातीचं हाड जुळेपर्यंत हातांवर भार द्यायचा नसतो, म्हणून त्यांना तर ही पायांची ताकद सगळ्यात आधी लागते.

तोलासाठी भक्कम टेबलाजवळ उभं राहा, बाजूला घरातलं कुणीतरी असू द्या. आधी पावलं जुळवून, मग एक पाऊल अर्धं पुढे, मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवून. या शेवटच्या स्थितीत 10 सेकंद टिकता आलं नाही, तर पडण्याचा धोका जास्त आहे असं समजा आणि एकट्याने करू नका. छातीत दुखलं, गरगरलं, धडधडलं की थांबायचं. पायांवर सूज आणि वजन अचानक वाढलेलं असेल, त्या दिवशी व्यायाम नको, डॉक्टरांना फोन करा.

रात्री उठताना आधी कडेला बसा, पावलं वीसेक वेळा वर-खाली करा, उभे राहा, थोडं थांबा, मग चाला. आणि पुढच्या तपासणीला गेलात की बीपी उभं राहूनही मोजायला सांगा.