मास मीडियाची पदवी : तीन वर्षांत हाताला काय लागायला हवं

(प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रांनो, मुंबई विद्यापीठाची ही पदवी आधी बीएमएम (बॅचलर ऑफ मास मीडिया) होती, २०१९-२० पासून ती बीएएमएमसी (बॅचलर ऑफ आर्ट्स इन मल्टिमीडिया अँड मास कम्युनिकेशन) झाली. घरी आणि लोकलमध्ये तिला अजून बीएमएमच म्हणतात, त्यानं काही बिघडत नाही. अडचण वेगळी आहे. या अभ्यासक्रमात विषय भरपूर आणि बहुतेकांची गाठ एकाच सत्रापुरती. जाहिरात की पत्रकारिता, हा फाटाही मूळ आराखड्यात तिसऱ्या वर्षी फुटतो. मग पहिली दोन वर्षं नोट्स काढण्यात जातात आणि प्रोजेक्ट आदल्या रात्री इंटरनेटवरून उचलला जातो. कृपा करून हे करू नका. पहिल्या सत्रापासून एक काम सोडू नका : साहित्य स्वतः गोळा करायचं आणि स्वतः पडताळायचं. बाकीचे विषय मग आपोआप त्याला येऊन चिकटतात.

विषय लहान घ्या. ‘मुंबईतील रस्त्यांची दुरवस्था’ हा प्रोजेक्ट होऊ शकत नाही. तुमच्या कॉलेजसमोरचा एक रस्ता, त्याचं गेल्या पावसाळ्याआधी झालेलं काम, एवढाच विषय धरा. कागद मिळतात महापालिकेच्या विभाग कार्यालयात, आणि ते मागायचं साधन म्हणजे २००५ चा माहिती अधिकार कायदा. अर्जाला दहा रुपये लागतात, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. माहिती कशासाठी हवी, हे सांगायचं बंधन नाही.

विद्यार्थी चुकतात ते प्रश्नात. ‘रस्ता इतका खराब का?’ असं विचारलंत, तर उत्तर येणार नाही, कारण कायदा नोंदीत असलेली माहिती देतो, अधिकाऱ्याचं मत किंवा खुलासा देत नाही. त्याऐवजी अमुक रस्त्याच्या अमुक वर्षातल्या कामाच्या कार्यादेशाची (वर्क ऑर्डरची) प्रत, मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदींची प्रत आणि कंत्राटदाराला दिलेल्या देयकांची प्रत मागा. कार्यादेशात काय करायचं ठरलं ते असतं, मोजमाप पुस्तिकेत काय केल्याची नोंद झाली ते असतं. या दोन कागदांतला फरक हीच तुमची बातमी. तो कागद घेऊन रस्त्यावर जा आणि टेप लावून रुंदी मोजा.

आता दिवस मोजू. उत्तरासाठी ३० दिवस. ते आलं नाही किंवा अपुरं आलं तर पहिलं अपील, त्याच्या निर्णयाला ३० ते ४५ दिवस. म्हणजे अडीच महिने गेले. सत्र साधारण पंधरा आठवड्यांचं असतं. म्हणून अर्ज सत्राच्या पहिल्याच आठवड्यात द्या आणि पोच घ्या. प्रोजेक्टचा विषय सरांनी जाहीर केल्यावर दिलेला अर्ज परीक्षेआधी फळाला येत नाही.

कॅमेऱ्याबद्दल. फोन पुरतो, पण सेटिंग तपासा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. फोन सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० सेकंद शटरवर (एका फ्रेमला प्रकाश मिळण्याच्या वेळेवर) असेल, तर चित्रात काळसर पट्टे सरकताना दिसतात आणि संपादनात ते नीट जात नाहीत. २५ फ्रेम, शटर १/५० ठेवा, पट्टे येणार नाहीत. चित्र थोडं हललं तर प्रेक्षक सांभाळून घेतो, आवाज फाटला की तो उठून जातो. कॉलर माइक हनुवटीपासून साधारण वीतभर खाली लावा, फोन एअरप्लेन मोडवर टाका, पंखा बंद करा आणि बोलणं सुरू होण्याआधी हेडफोन कानाला लावून ऐका. मुलाखत संपली की सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. संपादनात वाक्य कापलं की मागची गाडीची घरघर मध्येच तुटते, तो खड्डा या अर्ध्या मिनिटानं भरतो.

कायद्याचा पेपर पाठ करून सुटतो, पण एक कलम हाडीमाशी मुरायला हवं. पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम २३ नुसार पीडित बालकाची ओळख उघड होईल असं काहीही देता येत नाही. नाव, फोटो तर नाहीच, पण घरचे लोक, शाळा, शेजार यांचाही उल्लेख नाही. चेहरा धूसर केला आणि मागे शाळेची पाटी राहिली, तर ओळख उघड झालीच. तयार व्हिडिओ एक्स्पोर्ट करण्याआधी प्रत्येक फ्रेमची पार्श्वभूमी पाहा.

जाहिरात हा विषय घेणाऱ्यांनी हे आपलं नाही असं समजू नये. १९८५ पासून काम करणाऱ्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेची आचारसंहिता वस्तुस्थितीच्या दाव्याला आधार मागते. ‘मुंबईत नंबर वन’ लिहिण्याआधी कशात, कधी, कोणी मोजलं, हे तुमच्या फाइलमध्ये असलं पाहिजे. नसेल तर ती ओळ कितीही चमकदार असो, काढा.

शेवटी मराठीत लिहिणाऱ्यांसाठी. मोबाइलवर बोलून टाइप करण्याची सवय मोडा, इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड शिका. रोज अर्धा तास दिलात तर महिनाभरात हात बसतो. तरीही छपाईच्या अनेक ठिकाणी जुने, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण सांकेतिक पद्धत) नसलेले फॉन्ट भेटतील. त्यांत पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. रफाराचंही तसंच स्थान बदलतं. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर नेमका इथे घसरतो. म्हणून मजकूर बदलून घेतल्यावर आधी ‘आर्थिक’, ‘वार्षिक’, ‘निर्मिती’ असे शब्द शोधा, आणि मग प्रत्येक आडनाव मूळ कागदाशी ताडून पाहा. शुद्धलेखन तपासनीस ‘आर्थिक’मधली चूक दाखवेल, माणसाच्या नावातली दाखवेलच असं नाही.