डॉक्टरला काय आलं पाहिजे, हे ठरवायचं कसं

(दृश्य: मे महिन्यातली दुपार. रस्त्यावर माणूस नाही. कॅज्युअल्टीच्या दारात थांबलेला ऑटो.)

नागपुरात नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, सुरू आहे. दुपारचे तीन वाजलेत. ऑटोतून ज्याला उतरवलं जातंय तो बांधकामावरचा मजूर. अंग भट्टीसारखं तापलेलं, बोलणं असंबद्ध. ड्यूटीवर एक इंटर्न. पुढच्या अर्ध्या तासात तो काय करतो, यावर या माणसाचं बरंच काही अवलंबून आहे. काखेतला थर्मामीटर इथे दगा देतो, आतलं खरं तापमान तो कमी दाखवतो. ते गुदद्वारातूनच मोजावं लागतं. ४० अंश सेल्सिअसच्या वर तापमान आणि सोबत भ्रम असेल, तर हा उष्माघात. मग कपडे काढायचे, अंग पाण्यानं भिजवायचं, पंखा लावायचा, बर्फ लावायचा आणि हे सगळं रक्ताच्या रिपोर्टची वाट न बघता. पॅरासिटामॉल इथे कामाचं नाही. ते देऊन ताप उतरायची वाट बघत बसलेला डॉक्टर रुग्णाची मोलाची मिनिटं घालवतो.

हे इंटर्नला आलंच पाहिजे, असं कुठेतरी लिहिलेलं असतं. ते कुणी लिहिलं, कसं लिहिलं आणि जुनं झालं की बदलायचं कुणी, याची ही गोष्ट.

(दृश्य: जाडजूड खंडाची पानं उलटणारे हात. एका तक्त्यावर कॅमेरा थांबतो.)

भारतात एमबीबीएसचा क्षमताधारित अभ्यासक्रम तीन खंडांत आला तो २०१८ मध्ये, तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेकडून. २०१९ च्या बॅचपासून तो लागू झाला. २०२० मध्ये परिषद जाऊन राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला, पण सांगाडा तोच राहिला. नव्या डॉक्टरकडून पाच भूमिका अपेक्षित आहेत : उपचार करणारा, आरोग्य-चमूचा नेता आणि सदस्य, संवाद साधणारा, आयुष्यभर शिकणारा आणि व्यावसायिक नीती पाळणारा. त्याखाली विषयवार शेकडो ओळी. प्रत्येक ओळीला क्रमांक असतो. ‘एएन १.१’ म्हणजे अ‍ॅनॅटॉमीतल्या पहिल्या टॉपिकची पहिली कॉम्पिटन्सी, म्हणजे अंगी यायला हवी अशी क्षमता. पुढे रकाने : ही गोष्ट ज्ञानाची, कौशल्याची, वृत्तीची की संवादाची, ती कोणत्या पातळीवर यायला हवी, गाभ्याची आहे की ऐच्छिक, शिकवायची कशी, तपासायची कशी, आणि स्वतंत्रपणे करायची असेल तर किती वेळा करून दाखवल्यावर प्रमाणित धरायची.

यातला पातळीचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तो जॉर्ज मिलर यांच्या १९९० मधल्या पिरॅमिडवर उभा आहे. तळाशी ‘माहीत आहे’, त्यावर ‘कसं करायचं ते माहीत आहे’, त्यावर ‘करून दाखवतो’ आणि शिखरावर ‘प्रत्यक्ष करतो’. उष्माघाताची व्याख्या परीक्षेत लिहिणारा विद्यार्थी तळाशी आहे. मघाचा इंटर्न शिखरावर असायला हवा. ओळ लिहिताना क्रियापद चुकलं, तर विद्यार्थी आयुष्यभर तळाशीच राहतो आणि कागदावर मात्र पास होतो.

(दृश्य: लांब टेबल, पंधरा खुर्च्या, चहाचे कप. भिंतीवर प्रोजेक्टर.)

अशा मानकांची दुरुस्ती एकट्याचं काम नाही, हे जगभर कळून चुकलंय. कॅनडाच्या रॉयल कॉलेजनं डॉक्टरच्या सात भूमिकांची चौकट १९९६ मध्ये स्वीकारली, २००५ आणि २०१५ मध्ये सुधारली. २०१५ ला ‘मॅनेजर’ या भूमिकेचं नाव बदलून ‘लीडर’ केलं. एक शब्द बदलला, आणि त्याबरोबर त्या भूमिकेखाली शिकवायचं काय, मोजायचं काय, तेही बदलावं लागलं. अमेरिकेत अ‍ॅलोपथीची कॉलेजं, ऑस्टिओपथीची (तिथली डॉक्टरकीची दुसरी शाखा) कॉलेजं आणि रेसिडेन्सीला, म्हणजे पदवीनंतरच्या प्रशिक्षणाला, मान्यता देणारी संस्था, या तिघांनी मिळून पदवी अभ्यासक्रमासाठी एकच सामायिक यादी २०२४ च्या अखेरीस आणली. विद्यार्थी एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत जातो. मधे अपेक्षांची भाषा बदलली तर ठेच त्यालाच लागते.

आपल्याकडेही त्याच वर्षी एक धडा मिळाला. ३१ ऑगस्ट २०२४ ला आयोगानं याच अभ्यासक्रमाची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, ५ सप्टेंबरला मागे घेतली आणि १२ सप्टेंबरला सुधारून पुन्हा काढली. न्यायवैद्यकातल्या समलिंगी संबंधांविषयीच्या मजकुरावर आणि अपंगत्वाचा भाग गळल्याबद्दल जोरदार आक्षेप आले होते. आमचं मत स्पष्ट आहे : ज्यांच्याविषयी ओळ लिहायची, त्यांच्यापैकी कुणीतरी लिहिण्याच्या आधी टेबलाशी हवं. नंतर आलेला आक्षेप दुरुस्ती करवतो, पण तोवर विश्वास खर्ची पडलेला असतो.

नागपुरात अशी मानकं दुरुस्त करणारा गट बांधायचा म्हटलं तर माणसांची वाण नाही. १९४७ चं ‘मेडिकल’, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आहे. ‘मेयो’ हे जुनं सरकारी रुग्णालय आहे, तिथलं कॉलेज १९६८ चं. मिहानमध्ये एम्स आहे, तिची पहिली बॅच २०१८ ला मेडिकलच्याच आवारात बसली. हिंगण्याकडे खासगी कॉलेजं. शेजारी वर्ध्याला सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज, जिथे विद्यार्थ्यांच्या बॅचनं गाव दत्तक घ्यायची रीत १९६९ पासूनची; पुढे देशभर आलेल्या कुटुंब-दत्तक उपक्रमाच्या कितीतरी आधीची. एक अडचण मात्र पहिल्याच दिवशी बोलून टाकावी. मेडिकल, मेयो आणि खासगी कॉलेजं आयोगाच्या चौकटीत आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या किंवा आपापल्या अभिमत विद्यापीठाच्या परीक्षेत चालतात, तर एम्सचा अभ्यासक्रम त्यांचा स्वतःचा. म्हणून गट जे लिहील ते वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या रस्त्यांनी जाणार. कुठे कॉलेजच्या अभ्यासक्रम समितीत, कुठे विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाकडे, कुठे आयोगाकडे सूचना म्हणून. आयोगानं गाभ्याची म्हटलेली ओळ कॉलेजला गाळता येत नाही. तिच्याखालची तासिकेची उद्दिष्टं, शिकवायची पद्धत, स्थानिक भर आणि तपासणी मात्र कॉलेजच्या हातात असते. किती मोकळीक आहे हे न सांगता काम सुरू केलं, की तिसऱ्या महिन्यात कुणीतरी विचारतं, ‘हे करून उपयोग काय?’ आणि उपस्थिती निम्म्यावर येते.

गट बारा ते पंधरा जणांचा बरा. त्यात मेडिसिन, बालरोग, पीएसएम (सामाजिक आरोग्य) हवेतच, पण एक माणूस पहिल्या वर्षाला शिकवणारा, दोन रेसिडेंट, एक इंटर्न, वॉर्डात वीस वर्षं काढलेली एक सिस्टर, उमरेड किंवा रामटेककडच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा एक मेडिकल ऑफिसर आणि रुग्णांच्या बाजूचं कुणीतरी. सिस्टरची खुर्ची शोभेची नसते. इंटर्नला सुई नीट टोचता येते की नाही, हे एचओडीच्या (विभागप्रमुखाच्या) आधी तिला कळतं.

नेतृत्व कुणाकडे? मोठ्या विभागाच्या सर्वांत ज्येष्ठ एचओडीकडे नको. त्यांच्या तोंडून ‘माझ्या मते’ निघालं की चर्चा तिथेच संपते. ज्याला आठवड्यातला अर्धा दिवस सलग देता येतो, आणि ज्याच्या विभागाचे तास पणाला लागलेले नाहीत, असा माणूस शोधावा. आणि त्याच्या शेजारी लिहिणारा वेगळा. जो बोलवतो, तोच लिहीत बसला तर त्याला माणसांचे चेहरे दिसत नाहीत.

(दृश्य: प्रोजेक्टरवर एक ओळ. कुणीतरी ती खोडतो.)

आता खरं काम बघू. पडद्यावर ओळ आहे : ‘उष्माघाताची कारणे, लक्षणे व उपचार यांचे ज्ञान असणे.’ गटाचा प्रमुख तीन प्रश्न विचारतो. हे कोण बघणार? कुठे बघणार? कधी बघणार? तिन्हींना उत्तर नाही. ज्ञान दिसत नाही. शिवाय एका ओळीत तीन गोष्टी आहेत. विद्यार्थ्याला दोन आल्या, एक नाही, तर पास की नापास? म्हणून नियम असा की ओळीत ‘व’, ‘आणि’, ‘तसेच’ दिसलं की ओळ तोडायची. इथे पहिली ओळ होते : ‘उष्माघाताचा संशय असलेल्या रुग्णाचं तापमान गुदद्वारातून मोजतो.’ दुसरी : ‘तपासण्यांची वाट न बघता अंग थंड करायला सुरुवात करतो.’ तिसरी : ‘तापमान ३९ अंशांवर आलं की थंड करणं थांबवतो.’ तिसरी ओळ बहुतेक मसुद्यांत राहूनच जाते. तशीच बर्फाची पोती चालू ठेवली तर तापमान नको तितकं खाली घसरतं.

इथे सिस्टर हात वर करते. वॉर्डात गुदद्वारासाठी वेगळा थर्मामीटरच नाही. पाच मिनिटांपूर्वी सगळ्यांना आवडलेली ओळ आता अधांतरी आहे. अशा वेळी प्रमुखाला दोनच रस्ते : थर्मामीटर मागवायचा, नाहीतर ओळ खाली आणून ‘मॉडेलवर करून दाखवतो’ अशी करायची. तशीच ठेवली, तर काय होतं हे सगळ्या कॉलेजांना ठाऊक आहे. लॉगबुकातल्या वीस सह्या शेवटच्या आठवड्यात, एकाच पेनानं, एकाच बैठकीत होतात. विद्यार्थी डॉक्टर होण्याआधीच खोटं लिहायला शिकतो. आम्हाला यापेक्षा मोठं नुकसान दिसत नाही.

(दृश्य: मोबाइलवर प्रश्नावली भरणारी रेसिडेंट. हॉस्टेलची खोली.)

ओळी तयार झाल्या की मत घ्यायचं. हात वर करून घेऊ नये, कारण लेक्चरर आधी एचओडीचा हात बघतो. डेल्फी पद्धत त्यासाठीच आहे. मतं निनावी, फेऱ्या दोन किंवा तीन, प्रत्येक फेरीनंतर सगळ्यांना एकत्रित निकाल आणि कारणं वाचायला द्यायची, मग पुन्हा मत. गटाबाहेरचेही धरून वीस ते पंचवीस जण पुरतात. एक ते नऊ गुण. सात, आठ, नऊ म्हणजे ‘हवीच’. पंचाहत्तर टक्के लोकांनी तसं म्हटलं तर ओळ राहील, असा उंबरठा घ्यायचा असेल तर तो पहिली फेरी पाठवण्याआधी लिहून, तारीख टाकून ठेवावा. निकाल बघून उंबरठा ठरवला, तर सगळी मेहनत वाया. दोन फेऱ्यांत दोन-तीन आठवड्यांचं अंतर पुरे. जास्त झालं की माणसं विसरतात, आणि परीक्षेच्या महिन्यात फेरी पाठवली तर उत्तरंच येत नाहीत.

पहिल्या फेरीत हमखास एक गोष्ट होते. सगळ्याच ओळींना आठ आणि नऊ. डॉक्टरला हेही आलं पाहिजे आणि तेही. यावर उपाय गुणांचा नाही, तासांचा. प्रत्येकाला समजा शंभर तास द्या आणि सगळ्या ओळींत वाटायला सांगा. त्याबरोबर दुसरा नियम : नवीन ओळ आणणाऱ्यानं तिचे तास कोणत्या जुन्या ओळीतून काढायचे तेही सांगायचं. इथे बैठक तापते. ताप हा विषय मेडिसिनचा, बालरोगाचा, मायक्रोबायोलॉजीचा आणि फार्माकॉलॉजीचाही. चौघं तोच मलेरिया चार वेळा शिकवतात आणि स्क्रब टायफसला कुणाकडेच तास नसतो, जरी विदर्भात पावसाळ्यानंतर तो अंगावर खपली घेऊन येतो. ती काळी खपली काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली लपलेली असते. रुग्णाला पूर्ण तपासलं तरच दिसते. चार विभागांना एका टेबलावर बसवून प्रत्येकाचा वाटा लिहून घेणं, हे प्रमुखाचं सगळ्यात चिवट काम. त्याला दोन-दोन महिने लागू शकतात. लागू द्यावेत.

बाकी कारभार सोपा आहे, फक्त शिस्तीचा. फाइल एकच, नावात आवृत्ती आणि तारीख, बदल करणारा एकच माणूस आणि प्रत्येक बदलापुढे कारण. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘खरंच अंतिम’ अशा तीन फाइली फिरायला लागल्या की गट संपला समजा.

(दृश्य: ओपीडीची खोली. प्लास्टिकच्या डब्यात घडी घातलेल्या चार चिठ्ठ्या.)

शेवटी चाचणी. ओळ वॉर्डात नेऊन बघायची. दोन परीक्षक, एकच विद्यार्थी, दोघं एकमेकांशी न बोलता खूण करतात. खुणा जुळल्या नाहीत तर दोष बहुतेक वेळा ओळीचा असतो. ती पुन्हा टेबलावर येते.

ही एक तालीम आहे. आईची भूमिका शिकवून तयार केलेली एक बाई करतेय. तपासायची ओळ : ‘सिकलसेलचा धोका पालकांना समजेल असा सांगतो.’ सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. आईबाप दोघंही वाहक आहेत, म्हणजे स्वतः आजारी नाहीत पण दोष मुलाला देऊ शकतात; पहिलं मूल आजारी आहे. विद्यार्थिनी सांगते, ‘चारात एक.’ आई मान हलवते. एका परीक्षकानं होकाराची खूण केली, दुसऱ्यानं नाही. तेवढ्यात आई म्हणते, ‘एक तं झाला ना आजारी, मॅडम. मंग बाकीचे तीन बरेच निघतीन.’

हा गैरसमज पूर्व विदर्भात खराही भेटतो, आणि त्याच्या भरवशावर पुढचं मूल होऊ दिलं जातं. चारात एक ही शक्यता प्रत्येक गरोदरपणात नव्यानं असते. ओळ तिथल्या तिथे बदलली गेली : ‘सिकलसेलचा धोका प्रत्येक गरोदरपणात तेवढाच असतो, हे पालक स्वतःच्या शब्दांत सांगेपर्यंत समजावतो.’ आता बघायचं काय, ते दोन्ही परीक्षकांना कळलं. विद्यार्थिनीच्या बोलण्याकडे नाही, आईच्या बोलण्याकडे बघायचं.

दुसरी खेप. डब्यात चार चिठ्ठ्या : एक आजारी, दोन वाहक, एक निरोगी. विद्यार्थिनी डबा पुढे करते. आई एक उचलते. ‘आजारी.’ विद्यार्थिनी चिठ्ठी परत आत टाकते, डबा हलवते, पुन्हा पुढे करते. ‘हे दुसरं मूल, ताई. उचला.’

आई हात आखडता घेते. डब्यात बघते. ‘म्हंजे ते चिठ्ठी अजून आतच हाय? दर खेपेले?’

दोन्ही परीक्षकांची खूण एकाच चौकोनात पडते.