‘समजलं ना?’ एवढंच विचारू नका
(न्यायाधीशांच्या प्रशिक्षणवर्गातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. विषय मोठा दिलाय: मानसिक आरोग्य, उपचारात्मक न्याय आणि न्यायाधीशांचं निरंतर शिक्षण. त्याकडे येतेच. पण मी मनोविकारतज्ज्ञ आहे, पेशंटपासूनच सुरुवात करते.

काही वर्षांपूर्वी माझा एक पेशंट किरकोळ चोरीच्या प्रकरणात कोर्टासमोर उभा होता. स्किझोफ्रेनिया, म्हणजे प्रत्यक्षात नसलेले आवाज ऐकू येऊ शकतात असा मानसिक आजार; औषधं चालू. त्याच्या उपचारांची कागदपत्रं घेऊन मला बोलावलं होतं, म्हणून मी मागच्या बाकावर होते. पुकारा झाला. न्यायाधीश अतिशय सौम्य. जामिनाच्या अटी त्यांनी सावकाश वाचून दाखवल्या. दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी, पत्ता बदलला तर कळवायचं, पुढची तारीख अमुक. मग विचारलं, “समजलं ना?” तो म्हणाला, “हो साहेब.” पुढे दोन सोमवार हजेरी चुकली, तारखेलाही आला नाही. अजामीनपात्र वॉरंट निघालं आणि तो आत गेला.

मी तुरुंगात भेटायला गेले. म्हटलं, अरे, साहेबांनी इतकं नीट सांगितलं होतं. तो म्हणाला, “साहेब बोलत होते तेव्हा आणखी दोघं बोलत होते. साहेबांचा आवाज सगळ्यात लहान होता.” मग हो कशाला म्हणालास? “हो म्हटलं की जाऊ देतात.”

आज सकाळी कोर्टात कोणाकोणाला ‘समजलं ना’ म्हणालात? हात वर करा. बघा, जवळजवळ सगळे! आणि ‘नाही’ असं उत्तर किती जणांना मिळालं? एकही हात नाही. बोर्डावर एवढी प्रकरणं, मागे पोलीस उभा, समोर वकिलांची गर्दी. तिथे धडधाकट माणूससुद्धा ‘नाही समजलं’ म्हणत नाही.

त्याच माणसाबद्दल आणखी एक सांगते. त्या दिवशी तो एका पायावरून दुसऱ्या पायावर सारखा हलत होता. सरकारी वकील म्हणाले, “बघा साहेब, कोर्टाची पर्वाच नाही.” काही मनोविकारविरोधी औषधांनी अशी अस्वस्थता येते, माणसाला एका जागी उभं राहवत नाही. काहींचा चेहरा आजारानेच किंवा औषधाने निर्विकार होतो, आणि तो पश्चात्तापाचा अभाव म्हणून वाचला जातो. माणूस उद्धट वाटला की एकदा विचारा, औषध कोणतं चालू आहे?

आणि आता माझी तक्रार. अशा वर्गांना मी बरीच वर्षं जाते. जेवणानंतरचा तास, आजारांच्या वर्गीकरणाच्या स्लाइड्स, शेवटी प्रमाणपत्र. अहो, निदान करणं हे न्यायाधीशाचं काम नाही! ते तज्ज्ञाच्या अहवालातून येईल. माणसाशी बोलणं मात्र तुमचं काम आहे, ते दुसरं कोणी करणार नाही, आणि नेमकं तेच आपण शिकवत नाही.

चिठ्ठी आली, सात मिनिटं उरलीत. मूळ विषय भराभर सांगते.

1987 मध्ये अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक डेव्हिड वेक्सलर यांनी उपचारात्मक न्यायाचा विचार मांडला, दुसरे प्राध्यापक ब्रूस विनिक यांनी तो त्यांच्यासोबत वाढवला. कायदा, त्याची प्रक्रिया आणि ती चालवणारी माणसं यांचा माणसाच्या मनावर परिणाम होतोच, बरा किंवा वाईट. तर तो तपासा. त्यासाठी योग्य प्रक्रियेचे हक्क, म्हणजे बाजू मांडण्यासारखे आरोपीचे हक्क, गुंडाळायचे नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणून बळजबरी करणं म्हणजे उपचारात्मक न्याय नव्हे. 1989 मध्ये अमेरिकेत, फ्लोरिडातल्या मायामीत व्यसनी आरोपींसाठी वेगळं न्यायालय सुरू झालं, 1997 मध्ये फ्लोरिडातल्याच ब्रॉवर्ड काउंटीत मानसिक आरोग्य न्यायालय. तिथे न्यायाधीश त्याच माणसाला पुन्हा पुन्हा भेटतात, उपचार कसे चाललेत ते थेट त्यालाच विचारतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांचं संशोधनही इथे जुळतं: निकाल विरोधात गेला तरी आपलं ऐकून घेतलं, आदराने वागवलं असं वाटलं, तर माणूस तो निकाल जास्त मान्य करतो.

यासाठी वेगळं न्यायालय हवंच असं नाही. प्रशिक्षण बदलू या. या आजारातून गेलेली माणसं शिकवायला बोलवा. आरोपी, वकील, न्यायाधीश अशा भूमिका घेऊन सराव करा. एका दिवसात हे अंगवळणी पडत नाही, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा जमा आणि कुठे अडलं ते एकमेकांना सांगा. तुमच्या स्वतःच्या मनासाठीही त्यात वेळ ठेवा. अत्याचाराच्या साक्षी दिवसभर ऐकून तुम्हीही घरी जाता. न्यायाधीशांच्या मनःस्वास्थ्याबद्दल 2024 मध्ये प्रशांत महासागरातल्या नाउरू या बेटदेशात ‘नाउरू जाहीरनामा’ झाला, तो वाचा.

दोन मिनिटं आहेत. शेजाऱ्याकडे वळा. एकाने जामिनाच्या तीन अटी सांगायच्या आणि मग म्हणायचं, “आता काय काय करायचं ठरलं, ते तुमच्या शब्दांत मला सांगा.” दुसऱ्याने उत्तर द्यायचं. चला, सुरू करा.