नागिणीचा दोरा

नमस्कार श्रोतेहो. सांगली, मिरज, तासगाव, जत, विटा आणि कृष्णेच्या दोन्ही काठांवरून ऐकणाऱ्या सगळ्यांना नमस्कार.

आज बोलायचंय ते आपल्या पेशींविषयी. औषधं, विषाणू आणि म्हातारपण यांनी माणसाच्या पेशी कशा खराब होतात, हा विषय. मी आधी या तिघांची ओळख थोडक्यात करून देतो आणि मग माझ्या आत्तीकडे वळतो. कारण हे तिघं एकाच अंगात भेटलेले मी पाहिले ते तिच्याकडे.

औषधापासून सुरुवात करतो. आपल्या एकेका मूत्रपिंडात सुमारे १० लाख गाळण्या असतात. जन्मानंतर त्यात एकही नवी तयार होत नाही. गुडघा दुखला की मेडिकलमधून डायक्लोफिनॅकची गोळी आणायची, उन्हात पाणी न पिता ती घ्यायची आणि पुन्हा ऊसतोडीला जायचं, असं वर्षानुवर्षं चालतं. ही गोळी मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी करते. रक्त कमी पडलं की गाळणीच्या पेशी उपाशी राहतात आणि हळूहळू मरतात. दुखत काहीच नाही. निम्मं काम बंद पडेपर्यंत रक्ताच्या तपासणीतही बहुतेकदा काही दिसत नाही. पुन्हा सांगतो, दुखत काहीच नाही.

माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की तासाभरात गिधाडं उतरायची. आता वर पाहिलं तर घारी दिसतात, गिधाड नाही. जनावरांना दिलेलं हेच डायक्लोफिनॅक मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडली. हे २००४ साली सिद्ध झालं आणि २००६ साली आपल्या सरकारनं जनावरांसाठी ते औषध बंद केलं. तोवर उशीर झाला होता. माणसाचं मूत्रपिंड गिधाडाइतकं नाजूक नसतं, हे खरं. पण ते रिकामं आकाश माझ्या मनाला फार लागतं, म्हणून सांगितलं.

आता विषाणू. विषाणूला स्वतःचं स्वयंपाकघर नसतं. तो आपल्या पेशीत शिरतो, तिच्याच चुलीवर तिच्याच भांड्यांत आपली पिल्लावळ रांधून घेतो. कधी पेशी त्यात फुटते. कधी, जसं काविळीच्या ‘बी’ विषाणूत, तो पेशीला स्वतः फारसं मारत नाही. आपलेच सैनिक, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्या पेशीला शत्रूचं घर समजून जाळतात. आणि काही विषाणू तर काहीच करत नाहीत, नुसते झोपून राहतात. या झोपणाऱ्यांविषयीच आज बोलायचंय.

वयाचं म्हणाल तर आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत बदलतं, रक्तातली तांबडी पेशी १२० दिवस जगते. १९६१ साली लिओनार्ड हेफ्लिक या शास्त्रज्ञानं दाखवलं की कातडीसारख्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या तर साधारण ५० वेळा दुभंगतात आणि मग थांबतात. मज्जातंतूंच्या पेशी मात्र जन्मापासून शेवटपर्यंत त्याच. आपलं वय सत्तर तर त्यांचंही सत्तर. आणि छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते, जिथं आपले सैनिक तालीम घेतात. ती तरुणपणापासूनच आक्रसत जाते. म्हातारपणी तालमीत नवा गडी जवळजवळ येतच नाही.

एवढं पुरे. आता आत्ती.

माझी थोरली आत्ती कवठेमहांकाळकडच्या एका गावात राहते. २०११ साली ती ७१ वर्षांची होती. उभं आयुष्य द्राक्षाच्या बागेत गेलं, गुडघे गेलेले. आमच्याकडे पुरुषाचा गुडघा दुखला तर घरभर चर्चा होते, बाईचा दुखला तर ‘वय झालं’ म्हणतात, आणि ती त्याच गुडघ्यांवर भाकऱ्या थापायला बसते. याची मला चीड आहे आणि ती मी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक मुलाला बोलून दाखवतो.

तर आठवडी बाजारात, वडाखाली, एक माणूस पुड्या विकायला बसायचा. सांधेदुखीच्या पुड्या. पांढरी भुकटी, सकाळ-संध्याकाळ मधातून. आत्तीनं त्या घेतल्या आणि तिसऱ्या दिवशी ती उठून बागेत गेली. सगळ्या गावानं पाहिलं. मग गावच पुड्या घ्यायला लागलं. वर्षभरात आत्तीचा चेहरा गोल झाला, गाल वर आले. लग्नकार्यात बायका म्हणायच्या, “आत्ती, तब्येत धरलीया!” मीही एका लग्नात तिला लांबून पाहिलं आणि बरं वाटलं. तो गोलावा मला, डॉक्टर असून, त्या दिवशी कळायला हवा होता. जवळ जाऊन हात पाहिला असता तर दिसलं असतं की कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालीय आणि जागोजागी काळे-निळे डाग आहेत. त्या भुकटीत स्टेरॉइड होतं. खुणा सगळ्या त्याच्याच होत्या.

स्टेरॉइड वाईट नव्हे, हे इथंच सांगतो. दम्याच्या झटक्यात, काही गंभीर आजारांत त्यानं जीव वाचतात, आणि मी स्वतः ते लिहून देतो. मोजून आणि लक्ष ठेवून देतो. पुडीत ना नाव, ना माप. ते सूज दाबतं तसं आपल्या सैनिकांनाही दाबतं. तालमीत आधीच गडी कमी, आणि जे होते त्यांना या पुडीनं झोपवलं.

ऑक्टोबरची छाटणी चालू होती. आत्तीचा धाकटा मुलगा दवाखान्यात आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, “दादा, आईला नागीण झालीया. तुला सांगू नको म्हणालीया.” मी विचारलं, “किती दिवस झाले?” म्हणाला, “नववा आज.”

मी गेलो. आत्ती सोप्यात बसली होती, पदर डाव्या बाजूनं दूर धरून, कापड टेकू नये म्हणून. पाठीच्या कण्यापासून डाव्या बरगडीखालून पोटाच्या मध्यापर्यंत पट्टा. फोड फुटून खपल्या धरलेल्या, वरून गेरू फासलेला. शेजारच्या काकू तिथंच होत्या, आणि त्यांच्या हातात दोरा होता.

श्रोतेहो, हा दोरा नीट ऐका. आपल्याकडे समज आहे की नागीण अंगाभोवती फिरते, आणि तिचं तोंड शेपटीला भिडलं की माणूस जातं. काकू रोज सकाळी आत्तीच्या अंगावरून दोरा धरायच्या. पोटावरच्या शेवटच्या फोडापासून उजवीकडून वळसा घालून कण्यावरच्या पहिल्या फोडापर्यंत. म्हणजे नागिणीला अजून किती चालायचंय ते मोजायच्या. आणि जिथवर माप येईल तिथं गाठ मारायच्या. दोऱ्याला नऊ गाठी होत्या.

आत्ती मला म्हणाली, “लेकरा, तू शिकलेला हायेस. भिडायची कवा ते तेवढं सांग. म्हंजे थोरल्याला म्हमईस्नं बोलवून घेते.”

डोळ्यांत पाणी नव्हतं तिच्या. फक्त थोरल्याची गाठ पडावी, एवढीच काळजी. नऊ दिवस ती बाई रोज सकाळी स्वतःचं मरण दोऱ्यानं मोजून घेत होती आणि संध्याकाळी भाकरी टाकत होती.

मी काकूंकडून दोरा घेतला आणि पाहिला. पहिल्या चार गाठी एकमेकींपासून दोन-दोन बोटं अंतरावर होत्या. पाचवी चौथीला चिकटून. सहावी, सातवी, आठवी, नववी, सगळ्या एकाच जागी, गाठीवर गाठ. मी म्हटलं, “काकू, ही चौथ्या दिवसापासून हललीच नाही की.” त्या म्हणाल्या, “व्हय, गेरूनं धरली तिला.”

मी आत्तीला बसवून सांगितलं. कण्यातून डावीकडची नस निघते ती डावीकडेच फिरून पोटाच्या मध्यावर संपते. उजवीकडची नस वेगळी. नागीण नसेच्या वाटेनं चालते, आणि ती वाट मध्यावर संपते. मी खिशातलं पेन काढलं आणि तिच्या पोटावर, बेंबीच्या वर, उभी रेघ ओढली. म्हटलं, “आत्ती, ही रेघ ती ओलांडणार नाही.” आत्ती बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मग थोरल्याला कशाला खर्चात पाडू? सुगी झाल्यावर येऊ दे.”

पुन्हा सांगतो, कारण हे घराघरात पोहोचायला हवं. साधी नागीण अंगाच्या एका बाजूला असते. ती वळसा घालून भिडत नाही. ती दोन्ही बाजूंना किंवा सगळ्या अंगावर पसरली, तर प्रतिकारशक्ती फार खालावलेली असू शकते आणि मग तातडीनं मोठ्या दवाखान्यात न्यावं लागतं. ते मरण तोंड-शेपूट भिडल्यानं येत नाही.

मग मी विचारलं, “आत्ती, लहानपणी कांजण्या झालेल्या?” तिला लख्ख आठवत होतं. सात वर्षांची होती. ती आणि माझे वडील, दोघं एकाच खोलीत, कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलेले. अंग खाजलं की आजी पाल्याचा डहाळा फिरवायची. त्या कांजण्या बऱ्या झाल्या, पण विषाणू गेला नाही. तो कण्यालगतच्या नसांच्या गाठींत, त्या न बदलणाऱ्या पेशींत, जाऊन निजला. ६४ वर्षं निजला. आत्तीचं लग्न झालं, चार लेकरं झाली, १९७२चा दुष्काळ गेला, बाग लागली, आणि तो तिथंच होता. पहारा होता म्हणून निजला होता. वयानं पहारा विरळ केला, पुडीनं उरलेला झोपवला, आणि तो उठून नसेच्या वाटेनं कातडीपर्यंत आला. येताना नसेच्या पेशी जाळत आला.

कांजण्या आणि नागीण यांचा हा धागा पक्का पटवून दिला तो इंग्लंडमधल्या एका साध्या फॅमिली डॉक्टरनं. एडगर होप-सिम्पसन त्यांचं नाव. आपल्याच पेशंटांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी ठेवून १९६५ साली त्यांनी मांडलं की नागीण बाहेरून येत नाही, आतलाच जुना विषाणू जागा होतो. वहीत नीट नोंद ठेवणारा खेड्यातला डॉक्टरही विज्ञानात भर घालतो. आज आम्ही डॉक्टर मंडळी नोंदी ठेवायचा आळस करतो, आणि सलाईन मागितलं की सलाईन लावून मोकळे होतो. हे बरं नाही.

या विषाणूवर औषध आहे. एसायक्लोव्हिर. गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेत ते घडलं, त्यांना १९८८चं नोबेल मिळालं. ते ज्या पेशीत विषाणू आहे तिथंच जागं होतं, कारण त्याला जागं करायला विषाणूचंच अवजार लागतं. निरोगी पेशीला ते फारसा हात लावत नाही. पण त्याचा खरा उपयोग पहिल्या ७२ तासांत. पहिले तीन दिवस. पुरळ उठल्यापासून तीन दिवस. आत्तीचे नऊ गेले होते. मी ते तरीही दिलं, कारण तिची प्रतिकारशक्ती दबलेली होती. पुड्या मात्र एकदम बंद केल्या नाहीत. स्टेरॉइड अचानक तोडलं तर शरीराची स्वतःची ग्रंथी झोपलेलीच राहते आणि माणूस कोसळू शकतो. मिरजेला तज्ज्ञांना दाखवून, मापात गोळ्या देऊन महिन्या-महिन्यानं उतरवत आणलं. तुमच्या घरात अशा पुड्या चालू असतील तर त्या फेकून देऊ नका, डॉक्टरकडे घेऊन जा.

खपल्या पडल्या. दुखणं राहिलं. आजही पंख्याचा वारा डाव्या बाजूला लागला की तिला निखारा ठेवल्यासारखं होतं. जळलेली नस चुकीचे निरोप पाठवत राहते. आता पन्नाशीनंतर घ्यायची दोन डोसांची लसही आपल्या देशात मिळते. महाग आहे. ती स्वस्त व्हावी असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक. नागिणीच्या माणसाला वेगळं टाकू नका. तिच्या फोडांतल्या पाण्यानं नागीण लागत नाही. ज्याला कांजण्या कधी झाल्या नाहीत आणि लसही मिळालेली नाही, त्याला कांजण्या लागू शकतात. म्हणून तान्ही लेकरं आणि गरोदर बाई तेवढी दूर ठेवा आणि फोड कापडानं झाका.

दुसऱ्या वर्षी, पुन्हा छाटणीच्याच दिवसांत, त्याच काकू माझ्या दवाखान्यात आल्या. बरोबर त्यांची जाऊ होती, साठीची. उजव्या खांद्यावर सात-आठ फोड, आदल्या रात्री उठलेले. काकू म्हणाल्या, “डाक्टर, दोरा न्हाई धरला अवंदा. माणूसच आणलंया.”

मी सात दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. जावेच्या खपल्या दोन आठवड्यांत पडल्या, मागं काही दुखलं नाही, आणि मण्यांची विरळणी सुरू झाली तेव्हा ती बागेत होती.